परदेशप्रवास आणि आपली कागदपत्रे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या व्यासपीठावरून आम्हांस चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले, तेव्हा प्रथम आम्ही संकोचच व्यक्त केला. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे, म्हणजे मॅट्रिकचे. पुढे शिक्षकाची पदविका घेतली आणि चाळीस वर्षे खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविली. विद्वत्तेचा विषय आमच्याजवळ नाही. परंतु चिटणीसांनी आग्रह धरला की, जे स्वतः भोगले त्यावर बोला, आणि ते मात्र आमच्यापाशी आहे. सबब परदेशी जाताना व्हिसाच्या कामी आणि विमानतळावरील तपासणीच्या खिडकीपाशी जो खोळंबा होतो तो कसा टाळावा, हा विषय आम्ही आज घेतला आहे.

विषय थोडा रुक्ष वाटेल. पण आपल्या मंडळाची वधूवरांची सूची चाळून पाहावी. पूर्वी त्या सूचीत मुंबई-पुण्याचा पत्ता असला म्हणजे घराला मोठेपणा येई. आता दुबई, मस्कत, न्यू जर्सी, लंडन, सिडनी असे पत्ते पानोपानी दिसतात. एके काळी समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांना केवढा लोकापवाद सोसावा लागला, हे आपण जाणताच. आज समाजाची आडकाठी उरलेली नाही. उरली आहे ती कागदाची. आणि ही आडकाठी बहुधा आपणच, आपल्या हयगयीने, आपल्या वाटेत उभी केलेली असते. हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. कसे, ते ऐकावे.

२०१८ सालच्या फेब्रुवारीत आमच्या कन्येने अमेरिकेतून कळविले की तिला ऑगस्टात बाळ होणार आहे. पहिलेच बाळंतपण आणि माहेरचे माणूस जवळ नाही, तेव्हा आईने यावे अशी तिची इच्छा. सहा महिने हाताशी आहेत, असे म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पासपोर्टसाठी कागद गोळा करावयास बसलो आणि डोळे उघडले. आमच्या कुटुंबाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आधारपत्रावर कोणी केवळ वर्ष विचारून १ जानेवारी घातलेली. दाखल्यावरील नाव माहेरचे, मतदारपत्रावरील सासरचे, आणि त्या दोन नावांची बाई एकच आहे हे सांगणारा विवाहनोंदणीचा कागद मुळी नव्हताच. लग्नास चौतीस वर्षे झालेली. तेव्हा या वयात तीन साक्षीदार आणि जपून ठेवलेली लग्नपत्रिका घेऊन आम्ही उभयता नोंदणी कार्यालयाच्या दारात उभे राहिलो. तेथील तरुण कारकुनाने हसत हसत आमचे अभिनंदन केले!

विवाहाची नोंद, मग आधारावरील दुरुस्ती, मग पासपोर्टचा अर्ज, मग पोलीस-पडताळणी, आणि त्यानंतर व्हिसाची मुलाखत. एकामागून एक पायऱ्या; खालची झाल्यावाचून वरची चढता येत नाही. बाळ ऑगस्टात झाले. शस्त्रक्रिया करावी लागली. जावयांना मोजकीच रजा. बारसे आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिले. आमची सौ. अमेरिकेस पोहोचली तेव्हा नात अडीच महिन्यांची झाली होती. कन्या काही बोलली नाही. फोनवर एवढेच म्हणाली, "आई, लाडू घेऊन ये, उशीर झाला तरी चालेल." ते वाक्य आमच्या मनातून आजही गेलेले नाही.

आता त्या १ जूनविषयी. हा उल्लेख ऐकून येथे बसलेले पुष्कळ वडीलधारे मनात हसले असतील, कारण त्यांचीही जन्मतारीख १ जूनच असेल. आमचीही तीच आहे, आणि म्हणूनच नियमाप्रमाणे आम्ही ३१ मे रोजी सेवानिवृत्त झालो. शाळा जूनमध्ये उघडत. बाप मुलाला हाताला धरून आणी. तारीख विचारली तर म्हणे, "मास्तर, तुम्हीच काय ती घाला, मागल्या दुष्काळाच्या आधीच्या साली झाला." मग मास्तर वयाचा हिशेब करून १ जून लिहीत. आम्हीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत जनरल रजिस्टरमध्ये अशा कितीतरी १ जून लिहिल्या. त्यात कपट नव्हते, उलट मुलाला शाळेत बसविण्याची कळकळच होती. परंतु त्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने पुढे चाळीस वर्षांनी कोणाची बायको, कोणाची आई खोळंबून राहील, हे आम्हांस कधी सुचले नाही. आमच्या कुटुंबाचा दाखला लिहिणारे गुरुजी आमच्यासारखेच कोणीतरी भले गृहस्थ असतील. त्यांच्यावर आम्ही काय म्हणून रागवावे?

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, प्रवासाचा विचार निघण्यापूर्वीच घरातील प्रत्येक माणसाचे कागद एके दिवशी ओळीने मांडून बसावे. शाळेचा दाखला, आधार, पॅन, मतदारपत्र, विवाहाचा दाखला आणि पासपोर्ट या सर्वांवर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, जन्मतारीख व इंग्रजी अक्षरांची घडण एकच आहे की नाही, हे शब्दशः ताडून पाहावे. दीक्षित या एकाच नावाची इंग्रजी घडण तीन प्रकारे होते, हे आपण जाणता. चूक सापडल्यास ती आजच दुरुस्त करावी. नाव बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे. पासपोर्टमध्ये नावाचे दोन रकाने असतात, एक आडनावाचा व दुसरा स्वतःच्या नावाचा. काही जण सगळे नाव एकाच रकान्यात घालतात व दुसरा मोकळा सोडतात. याचे परिणाम विचित्र होतात. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाच्या नावाच्या जागी तीन इंग्रजी अक्षरे पडतात. त्यांचा अर्थ, पहिले नाव अज्ञात. ज्या आजीबाईंना सारा गाव नावाने ओळखतो त्यांचे नाव अज्ञात! संयुक्त अरब अमिरातीने तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्या पाहुण्यांच्या प्रवेशावर निर्बंध घातले. विमानाचे तिकीट काढतानाही पासपोर्ट समोर उघडा ठेवूनच नाव लिहावे, आठवणीने लिहू नये.

दुसरी गोष्ट पासपोर्टच्या मुदतीची. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. परंतु अनेक देश पोहोचल्याच्या दिवसापासून निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट व्यवहारात साडेनऊ वर्षांचाच समजावा. आत दोन तरी कोरी पाने असावीत. पासपोर्टवर टाचण्या मारू नयेत, हिशेब लिहू नयेत, नातवंडांच्या हाती देऊ नये. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा असेल तर जुना टाकून देऊ नये. नवा व जुना असे दोन्ही बरोबर ठेवले म्हणजे तो व्हिसा चालतो.

येथे आखाती देशांत नोकरीस जाणाऱ्या आपल्या तरुणांना एक सांगावयाचे आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर बहुधा असा शेरा असतो की, ठरावीक १८ देशांत नोकरीस जाताना सरकारची उत्प्रवास-मंजुरी घ्यावी लागेल. १९८३ च्या कायद्याची ही तरतूद अशिक्षित कामगाराच्या रक्षणासाठी आहे. ती चुकविण्यासाठी दलाल सांगतो, "पाहुणा म्हणून जा, तेथे गेल्यावर नोकरीचे बघू." या सल्ल्याने मुलगा एक तर मुंबईच्या विमानतळावरूनच परत येतो, किंवा तिकडे जाऊन विना-हक्काचा होतो व पगार बुडाला तरी दाद मागू शकत नाही. मॅट्रिक झालेल्यास ही मंजुरी लागत नाही. आमच्या मॅट्रिकच्या दाखल्याचा नोकरीनंतर दुसरा उपयोग आम्हांस येथे दिसला, आणि म्हणून पालकांना विनंती की, दहावीच्या उंबरठ्यावर मुलाची शाळा सोडवू नका.

तिसरी गोष्ट व्हिसाची. प्रत्येक देशाची रीत निराळी. युरोपातील शेंगेन करारातील २९ देशांसाठी एकच व्हिसा चालतो. त्याचा अर्ज निघण्याच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस अगोदर तो करावाच लागतो. निर्णयास सामान्यतः पंधरा दिवस, पण कधी पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोचा असावा लागतो. त्या देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. पूर्वी हा हिशेब शिक्क्यांवरून होई. २०२५ च्या ऑक्टोबरपासून बोटांचे ठसे व चेहरा यांची यंत्रात नोंद घेण्यास तेथे आरंभ झाला, तेव्हा दिवस मोजण्यात चूक झाल्यास ती लपत नाही.

अमेरिकेची रीत मुलाखतीची. अर्ज स्वतः किंवा घरातील शिकलेल्या मुलाने भरावा. दलालाकडून भरून घेतल्यास त्यातील प्रत्येक उत्तर वाचून घ्यावे, कारण खोट्याचा दोष सही करणाऱ्यावर येतो, लिहिणाऱ्यावर नव्हे. वृद्धांना मुलाखतीची सूट आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. पण २०२५ च्या सप्टेंबरपासून १४ वर्षांखालील मुले व ७९ वर्षांवरील माणसे यांनाही सामान्यतः मुलाखतीस जावे लागते. तेथील कायदा असे धरून चालतो की, आलेला प्रत्येक जण कायमचा राहावयासच निघाला आहे. तसे नाही हे दाखविण्याचा भार आपल्यावर. म्हणून आपले घर, शेती, निवृत्तिवेतन आणि मागे राहणारी माणसे यांविषयी विचारल्यास साधेपणाने सांगावे. पाठ केलेली उत्तरे देऊ नयेत. आम्ही चाळीस वर्षे मुलांची तोंडी परीक्षा घेतली आहे, आणि पाठांतर व समज यांतला फरक परीक्षकास पहिल्या वाक्यातच कळतो. पूर्वी नकार मिळाला असेल तर तोही सांगावा. नकार हा कलंक नव्हे, पण महत्त्वाची गोष्ट दडविली अथवा खोटी सांगितली तर त्या देशाचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते.

व्हिसा मिळाला की काम झाले, अशी आणखी एक भ्रामक समजूत आहे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत घ्यावे की नाही, आणि किती दिवस राहू द्यावे, हे दारावरचा अधिकारी ठरवितो. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेस राहण्याची मुदत बहुधा सहा महिन्यांची मिळते आणि तिची नोंद त्यांच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. ती तारीख पहिल्याच आठवड्यात मुलाकडून काढून घेऊन भिंतीवर लावावी. त्या तारखेनंतर १८० दिवसांहून अधिक राहिल्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक राहिल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. नातवाच्या वाढदिवसासाठी म्हणून लांबविलेला मुक्काम पुढच्या दहा वाढदिवसांना पारखा करू शकतो.

आता विमानतळावर येऊ. घरी बसून विमानातील जागा निश्चित केली तरी इमिग्रेशनची रांग चुकत नाही. म्हणून सुटण्याच्या तीन-चार तास आधी पोहोचावे. वरचेवर जाणाऱ्यांसाठी सरकारने विश्वासू प्रवाशांची एक योजना काढली आहे. २०२४ च्या जूनमध्ये ती दिल्लीस आणि २०२५ च्या जानेवारीत मुंबई व अन्य मोठ्या विमानतळांवर सुरू झाली. अगोदर नाव नोंदवून ठसे दिले म्हणजे यांत्रिक दारातून लवकर पार होता येते. वाटेत विमान बदलावयाचे असल्यास दोन वेगळी तिकिटे काढू नयेत. थोडे पैसे वाचतात खरे, पण सामान सोडविण्यासाठी मधल्या देशात बाहेर पडावे लागते, आणि त्या देशाचा व्हिसा नसला म्हणजे माणूस अडकतो. अबू धाबीहून अमेरिकेस जाणाऱ्यांची अमेरिकी तपासणी अबू धाबीसच होते, तेव्हा त्या मार्गाने जाताना मध्ये पुरेसा वेळ ठेवावा. चाकाची खुर्ची ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात त्यांच्यासाठी आहे. रांग चुकविण्यासाठी धडधाकट माणसाने ती मागितली म्हणजे एखाद्या खऱ्या पंगू माणसास उभे राहावे लागते, हे लक्षात ठेवावे.

थायलंड, सिंगापूर व मलेशिया येथे जाणाऱ्यांनी पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनपत्र संगणकावर भरावयाचे असते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ दिसल्यास ते फसवे समजावे.

आता आमची दुसरी फजिती सांगतो. अमेरिकेतील विमानतळावर अधिकाऱ्याने आमच्या सौ. स इंग्रजीत विचारले, "आपण येथे काम करणार का?" तिला एवढाच शब्द कळला, वर्क. जन्मभर राबलेली बाई! मुलीच्या घरी जाऊन स्वस्थ बसणार की काय, असे तो विचारतो आहे असे तिला वाटले. तिने अभिमानाने उत्तर दिले, "येस, येस." आम्ही मागे उभे राहून मान डोलावली. झाले! आम्हांस बाजूच्या खोलीत नेण्यात आले. दीड तास बसलो. बाहेर कन्या तान्ह्या मुलीला घेऊन ताटकळत होती आणि तिला काही कळविता येत नव्हते. शेवटी फोनवर दुभाषा मिळाला, खुलासा झाला आणि आम्ही सुटलो. अधिकारी सौजन्याने वागले. चूक आमचीच होती.

यावरून आम्ही चार नियम केले आहेत. प्रश्न समजला नाही तर होकार देऊ नये. "समजले नाही, दुभाषा हवा" एवढे इंग्रजी वाक्य पाठ करून जावे. ज्याच्याकडे उतरणार त्याचे नाव, पत्ता, फोन आणि परतीचे तिकीट कागदावर छापून हातातल्या पिशवीत ठेवावे, कारण फोनची वीज ऐन वेळी संपते. विचारले तेवढेच, आणि खरे तेच सांगावे. आपण मुलीस व नातीस भेटावयास आलो आहोत हे सत्य आहे. मोबदला घेऊन कोणाचे मूल सांभाळण्यास पाहुण्याच्या व्हिसावर जाऊ नये, मग खोटे बोलण्याचा प्रसंगच येत नाही. आणि चौथे, तेथे विनोद करू नये.

खाद्यपदार्थांविषयीही हेच सत्य लागू आहे. आमच्याबरोबर डिंकाचे लाडू होते. आम्ही ते आपण होऊन सांगितले, त्यांनी डबा उघडून पाहिला आणि परत दिला. सांगितलेली वस्तू फार तर टाकून द्यावी लागते, लपविलेल्या वस्तूस दंड होतो. ताजी फळे, बियाणे, मांस यांच्या भानगडीत पडू नये. अमिरातीत खसखस नेणे हा गुन्हा आहे. मसाल्याच्या डब्यातील पुडीदेखील घरीच ठेवावी. औषधे मूळ वेष्टनात व डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. आणि दुसऱ्याने दिलेले बांधलेले पुडके, मग तो कितीही जवळचा असो, उघडून पाहिल्यावाचून घेऊ नये.

बंधूंनो, नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या अधिकृत सूचना पुन्हा पाहाव्यात. पण एक गोष्ट बदलत नाही. कागद खरा, पुरा आणि एकसारखा असला म्हणजे माणूस कोणत्याही दारात ताठ मानेने उभा राहतो. याचा आरंभ पाळण्यापासून व्हावा. घरी मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, शाळेचा दाखला चालत नाही. म्हणजे मास्तरांच्या १ जूनचा काळ आता संपला, आणि त्याबद्दल आम्हांस मास्तर असूनही आनंदच वाटतो.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळाच्या कार्यालयात एक टेबल मांडावे. ज्यांना परदेशी जावयाचे आहे, किंवा ज्यांना केवळ आपले कागद तपासून घ्यावयाचे आहेत, त्यांनी ते घेऊन यावे. आम्ही तेथे चष्मा व तांबडी पेन्सिल घेऊन बसू आणि जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या तसे अक्षरन् अक्षर तपासून देऊ. फी काही नाही. आम्ही तरुणपणी पुष्कळांच्या १ जून लिहिल्या आहेत. त्यांतील एखाद्याची गाठ तेथे आमच्या हातून सुटली, आणि एखादी आई लेकीच्या बाळंतपणाला वेळेवर पोहोचली, तर आमच्या माथ्यावरचे थोडे ऋण फिटले असे आम्ही समजू.